ऑफ-रोड गाडीला टर्बो की सुपरचार्जर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की मुळशी-ताम्हिणीकडे गाड्या न्यायची तयारी सुरू होते. टायर, विंच, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) यांच्या चर्चा संपल्या की गाडी हमखास या विषयावर येते: इंजिनाला अजून दम हवाय, मग टर्बो लावू की सुपरचार्जर? खालची उत्तरं थार, गुरखा, जिप्सी, जिम्नी या आपल्याकडच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. बाहेरच्या गाड्यांचं उदाहरण जिथे जास्त बोलकं आहे, तिथे ते घेतलं आहे.

दोन्ही इंजिनात जादा हवाच कोंबतात ना? मग फरक कशात?

ती हवा कोंबायची ताकद कुठून आणायची, यात. सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून बेल्टने फिरतो. इंजिन जितकं फिरेल त्याच्या ठरावीक पटीत तो फिरतो. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर. दांडा एकच, त्याच्या एका टोकाला वायूने फिरणारं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फेरे मारतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो.

म्हणजे सुपरचार्जर आपला खर्च इंजिनाकडून रोख वसूल करतो. टर्बो वाया जाणाऱ्या उष्णतेतून खर्च भागवतो, पण आधी ती उष्णता आणि तो वायू तयार व्हावा लागतो. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका फरकातून निघतात.

ऑफ-रोडला नेमकं काय लागतं, बीएचपी (अश्वशक्ती) की टॉर्क?

टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आणि तोही १२०० ते २५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पट्ट्यात. ब्रोशरवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा अशा आरपीएमला असतो जिथे खडकावर किंवा ओढ्यात तुम्ही कधी पोचतच नाही.

आकडेच बघा. जिप्सी किंगचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन ८० बीएचपीचं होतं, पण त्याचा १०३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० आरपीएमला यायचा. म्हणून जिप्सीवाले चढणीला इंजिन किंचाळेपर्यंत रेस देतात. दुसऱ्या पिढीच्या थारचं २.२ लिटर टर्बो डिझेल ३०० न्यूटन-मीटर १६०० आरपीएमलाच देतं आणि २८०० पर्यंत टिकवतं. २०२४ च्या गुरखाचं २.६ लिटर डिझेल ३२० न्यूटन-मीटर १४०० पासून देतं. या दोन गाड्या चढणीवर शांतपणे चालत जातात.

टॉर्क पायाच्या हुकमात असणं हे तितकंच महत्त्वाचं, आणि याबद्दल कमी बोललं जातं. ओल्या कातळावर चाक ठेवलंय, ॲक्सिलरेटर एक केसभर दाबला, तर ताकद केसभरच वाढायला हवी. ती उशिरा आणि ढिगाने आली, तर चाक घसरतं आणि गाडी बाजूला सरकते.

टर्बो लॅग खडकावर खरंच नडतो का?

लॅग म्हणजे पाय दाबल्यापासून टर्बो भरेपर्यंतचा उशीर. जुन्या टर्बोत नडायचा. नव्यात कमी, पण नडतो.

मॅन्युअल गाडीत काय होतं ते सांगतो. समोर पायरीसारखा दगड. पहिल्या गिअरला, १२०० आरपीएमवर गाडी दगडाला टेकते. तुम्ही पाय दाबता. टर्बो अजून नीट फिरत नाही, इंजिन दबतं. बंद पडेल या भीतीने तुम्ही क्लच अर्धा दाबून रेस वाढवता. आता बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा जादा दाब, येतो, तुम्ही क्लच सोडता, गाडी दगडावरून उडी मारते. असं दहा वेळा झालं की क्लच प्लेटचा वास येतो. आमच्या गटात डोंगरात जळालेल्या क्लचांची कारणं शोधली, तर बहुतेकांच्या मुळाशी हीच सवय निघाली.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, लो रेंज (फोर-व्हील गाडीतले जादा हळू, जोरदार गिअर) वेळेवर घालायची, म्हणजे इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत राहतं. दुसरा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर लॅग गिळून टाकतो, कारण चाक थांबलेलं असलं तरी इंजिन १८००-२००० ला फिरू शकतं. तिसरा उपाय कंपनीच करते, तो म्हणजे फिरत्या पात्यांचा टर्बो. त्यातली पाती कमी आरपीएमला वायूची वाट अरुंद करतात, त्यामुळे वायू जोरात आदळतो आणि बूस्ट लवकर येतो. आपल्याकडच्या बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांत असा टर्बो असतो.

पायाच्या हुकमाच्या बाबतीत मात्र चांगला सुपरचार्जर अजूनही वरचढ आहे, हे मान्य करायला हवं. मोठं बिनटर्बो इंजिन चालवल्यासारखं वाटतं.

सुपरचार्जर एकाच प्रकारचा असतो का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. तीन प्रकार प्रचलित आहेत.

रूट्स प्रकारात दोन गुंफलेले रोटर हवा पुढे ढकलतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल इथे रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. तो कारखान्यात हवा मारायचा पंप होता. दुसरा ट्विन-स्क्रू, ज्यात मळसूत्रासारखे दोन रोटर हवा आतल्या आत दाबत नेतात. या दोन्हींत एका फेऱ्याला ठरावीक हवा जातेच, म्हणून बूस्ट कमी आरपीएमलाच मिळतो.

तिसरा सेंट्रिफ्युगल. दिसायला टर्बोचा अर्धा भाग, फक्त बेल्टवर फिरणारा. याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन ६००० ला असताना पूर्ण बूस्ट असेल, तर २००० ला त्याचा सुमारे नववा हिस्सा. सपाट रस्त्यावर शर्यतीला ठीक. खडकावर चढायच्या गाडीला हा लावू नका. किटची किंमत कमी दिसते म्हणून मोह होतो, पण जिथे गरज आहे तिथेच तो रिकामा असतो.

लडाखला जायचंय. तिथे काय चांगलं?

माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हा सगळ्यात निर्णायक प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

समुद्रसपाटीचा हवेचा दाब १०० धरला, तर महाबळेश्वरला तो साधारण ८५ असतो, लेहला ३५०० मीटरवर ६५ आणि खारदुंगला खिंडीत, ५३५९ मीटरवर, जेमतेम ५१. बिनटर्बो इंजिनाची ताकद साधारण याच प्रमाणात उतरते. ८० बीएचपीची जिप्सी खारदुंगलाला चाळीसेक बीएचपीची गाडी होते.

आता सुपरचार्जर लावला. समजा पुली अशी बसवली आहे की मुंबईत ७ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्ट मिळतो, म्हणजे हवा साधारण १.४८ पट दाबली जाते. ही पट पुलीने ठरलेली आहे. मुंबईची साधी हवा १ धरली, तर लेहला इंजिनात पोचणारा दाब १.४८ गुणिले ०.६५, म्हणजे ०.९६. इतका खर्च करून लेहमध्ये तुम्ही मुंबईतल्या साध्या गाडीच्या जवळपास आलात. खारदुंगलाला हाच आकडा ०.७५ होतो. बिनसुपरचार्जर गाडीपेक्षा नक्कीच चांगला, पण घसरण चालूच राहते.

टर्बोचं गणित वेगळं. वेस्टगेट (जादा वायू टर्बोला टाळून सोडणारी झडप) किंवा फिरती पाती इंजिनाच्या कंप्युटरच्या ताब्यात असतात. बाहेर हवा विरळ झाली की कंप्युटर जास्त वायू टर्बोकडे वळवतो, टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब बऱ्याच उंचीपर्यंत टिकवून धरतो. याला मर्यादा आहे. फार वर गेल्यावर टर्बोचा वेग धोक्याच्या रेषेला पोचू नये म्हणून कंप्युटर स्वतःच बूस्ट कमी करतो. तरी घसरण कितीतरी कमी.

हा गुण जुनाच आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं, पण त्याची खरी किंमत विमानवाल्यांना कळली. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन टर्बोसकट कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगरावर नेलं आणि उंचीवर गमावलेली ताकद टर्बो परत मिळवून देतो, हे तिथे चालवून दाखवलं.

पण एक सावधगिरी. बूस्ट तयार होईपर्यंत टर्बो गाडीसुद्धा त्या अर्ध्या हवेवरच चालत असते. म्हणून खिंडीत चढणीवर थांबलेली टर्बो डिझेल पुन्हा उठवताना एकदम मेल्यासारखी वाटते आणि लोक घाबरतात. गाडी बिघडलेली नसते. सरळ लो रेंज घाला, १८०० च्या पुढे फेरे नेऊन निघा. उठावाच्या त्या दोन सेकंदांत सुपरचार्जरवाला पुढे असतो, त्यानंतर टर्बोवाला.

माझी डिझेल गाडी आहे. तिला सुपरचार्जर लावता येईल का?

लावू नका. डिझेल आणि टर्बोची जोडी स्वभावाने जुळलेली आहे. डिझेल इंजिन हवा अडवत नाही, ते नेहमी पोटभर हवा घेतं आणि इंधन कमी-जास्त करतं. त्यामुळे टर्बोला कायम वायू मिळत राहतो. पेट्रोलसारखी नॉकिंगची (मिश्रण वेळेआधी पेटण्याची) भीती नाही, त्यामुळे मोठा बूस्ट सोसतो. एक्झॉस्टही पेट्रोलपेक्षा थंड असतो, म्हणून फिरत्या पात्यांचा नाजूक टर्बो डिझेलवर आधी रुळला.

डिझेलवर ब्लोअर (सुपरचार्जरसारखा हवा ढकलणारा पंप) असायचा तो टू-स्ट्रोक डिझेलवर. अमेरिकेत १९३८ मध्ये आलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेत रूट्स ब्लोअर होता, पण तो सिलिंडरमधला जळका वायू बाहेर लोटायला. ते वेगळं यंत्र आहे, तिथून आपल्या गाडीकडे उडी मारू नये.

महिंद्राच्या एमएम ५४० सारखी जुनी बिनटर्बो डिझेल असेल आणि ताकद वाढवायची असेल, तर त्या इंजिनाला टर्बो जोडण्याआधी पिस्टन, हेड गॅस्केट आणि ऑइल पंप यांचं वय विचारात घ्या. तीस वर्षं चाललेल्या इंजिनावर दाब वाढवणं म्हणजे त्याची सगळ्यात कच्ची जागा शोधून काढणं.

जिम्नीला किंवा जिप्सीला काय बसवू?

आधी एक हिशेब. जिम्नी मॅन्युअलचा पहिला गिअर, लो रेंज आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार साधारण ३६ येतो. इंजिनाचा १३४ न्यूटन-मीटर गुणिले ३६ म्हणजे जवळपास ४८००. घर्षणात गेलेलं वजा केलं तरी चाकांवर ४००० च्या आसपास उरतं. माणसं-सामानासकट १४०० किलोची गाडी, चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर, कोरड्या खडकावर चांगली पकड धरली, तर टायर जास्तीत जास्त ३८०० च्या आसपास पेलतील. त्यापुढे घसरतील.

म्हणजे पहिल्या लो गिअरला ही गाडी पूर्ण जोर लावून आत्ताच टायर घसरवू शकते. तिथे आणखी ताकद घालून काही मिळत नाही. मिळेल तो तुटलेला ॲक्सल शाफ्ट. खडक चढताना जिम्नी अडते ती बहुधा पकड, ग्राउंड क्लिअरन्स किंवा चाक हवेत लटकल्यामुळे. तिथे टायर आणि डिफ लॉकवर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपावर) घातलेला पैसा बूस्टपेक्षा जास्त परत देतो.

मग बूस्ट कुठे कामाचा? खोल चिखलात, जिथे टायरच्या खाचा साफ राहायला चाक वेगात फिरत ठेवावं लागतं. वाळूत. मोठे टायर बसवल्यावर, कारण ते गिअरिंग लांब करतात. घाटात चार माणसं आणि कॅरिअरवर सामान असताना. आणि उंचीवर. गोव्यात २०१४ पासून होत असलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतला पावसाळी चिखल पाहिला, की तिथे ताकद का लागते हे लगेच कळतं.

या कामांसाठी छोट्या पेट्रोल इंजिनाला मनाने मी रूट्स किंवा ट्विन-स्क्रू सुपरचार्जर निवडेन, बूस्ट ६-७ पीएसआयच्या आत ठेवून. पायाला सगळ्यात सरळ उत्तर तोच देतो. व्यवहाराने मात्र आपल्याकडे टर्बोचे सुटे भाग, ते दुरुस्त करणारी दुकानं आणि जाणते मेस्त्री गावोगाव आहेत, कारण लाखो डिझेल गाड्या टर्बोवर चालतात. सुपरचार्जरचा बेअरिंग किट बाहेरून येईपर्यंत गाडी शेडमध्ये उभी. या एका कारणासाठी बहुतेकांनी टर्बोकडे जावं, असं मी सांगतो. लहान टर्बो घ्या, जो २००० ला भरतो. मोठा टर्बो मित्रांना दाखवायला बरा, चढणीला नाही.

जपानमध्ये जिम्नीला ६५८ सीसीचं टर्बो इंजिन येतं, ६४ पीएसचं. तिथल्या केई (छोट्या गाड्यांच्या) नियमांमुळे इंजिन ६६० सीसीच्या आतच ठेवावं लागतं, म्हणून तिथे टर्बो. भारतासह इतर देशांना सुझुकीने १.५ लिटरचं बिनटर्बो इंजिन दिलं. दोन्ही जिम्नी डोंगरात तितक्याच आनंदाने चढतात. गिअरिंग आणि वजन बरोबर असलं की काय होतं, त्याचा हा चांगला पुरावा.

पेट्रोल इंजिनाला किती बूस्ट सोसतो?

आतले भाग न बदलता ५ ते ७ पीएसआय, तोही नीट ट्यूनिंग आणि पुरेसे इंजेक्टर असतील तर. बिनटर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो जास्त असतो, त्यात दाबलेली गरम हवा घातली की मिश्रण वेळेआधी पेटतं. बाहेरून टकटक ऐकू येते, आत पिस्टनच्या कडा तुटत असतात. शहरातून ९५ ऑक्टेन भरून निघाल, पण पुढच्या तालुक्याच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळेल. ट्यूनिंग त्या साध्या पेट्रोलवर करून घ्या.

कोणता जास्त तापतो?

दोन्ही तापतात, वेगवेगळ्या जागी.

टर्बोचं कवच पेट्रोल गाडीत लालबुंद होऊ शकतं, आत येणारा वायू ९०० अंशांच्या पुढे जातो. बॉनेटखालची वायर, ब्रेक पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या यांना उष्णतारोधक पत्रा लागतोच. सुपरचार्जर स्वतः इतका तापत नाही, पण हवा जास्त तापवतो. ३५ अंशांची हवा ७ पीएसआयला दाबली, तर साध्या रूट्समधून ती ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडते, चांगल्या टर्बोमधून ८५ च्या आसपास.

खरी अडचण अशी की ऑफ-रोडला गाडी ताशी ५ किलोमीटरने चाललेली असते. समोरून वारा नाही, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर चिखलाने लिंपलेले, आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात. हायवेवर कधी न तापणारी गाडी इथे वीस मिनिटांत तापते. म्हणून बूस्ट वाढवण्याच्या खर्चात मोठा रेडिएटर, चांगला पंखा आणि कूलंटच्या तापमानाचा खरा आकडा दाखवणारा मीटर हे आधी धरा. पाण्याने थंड होणारा इंटरकूलर या कामाला हवेच्या इंटरकूलरपेक्षा बरा पडतो, कारण तो वाऱ्यावर पूर्ण अवलंबून नसतो. गावात पोचल्यावर पहिलं काम, पाइप लावून रेडिएटरच्या जाळीतला चिखल काढणं. वाळला की दगड होतो.

ओढा पार करताना टर्बो फुटतो का?

पाण्याचा शिडकावा रोजचाच असतो, त्याने काही होत नाही. तापून लाल झालेलं ओतीव लोखंड एकदम थंड पाण्यात बुडवलं, तर तडा जाऊ शकतो. मोठी चढण चढून आलात आणि समोर बॉनेटला लागेल इतकं पाणी आहे, तर चार-पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात पायी उतरून तळ चाचपता येतो, तो तसाही चाचपायचाच असतो.

जास्त धोका इंटरकूलरच्या रबरी पाइपांना. ते खाली, बंपरमागे असतात. बूस्टच्या दाबाने सैल झालेल्या पट्टीतून पाइप निसटला, तर स्नॉर्कल कितीही उंच असला तरी पाणी तिथून आत जातं. पाणी दबत नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. कंपनीने दिलेली पाण्यातून जायची खोली, थारला ६५० मिलिमीटर, गुरखाला ७००, ही पाइप जागेवर असताना आहे.

सुपरचार्जरवाल्यांनी बेल्टकडे बघावं. चिखल-पाण्यात बेल्ट घसरतो, बूस्ट जातो. आणि बऱ्याच किटमध्ये पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर त्याच बेल्टवर असतात. तो तुटला तर गाडी जिथे आहे तिथेच राहते. सीटखाली जादा बेल्ट आणि तो बसवायचा पाना ठेवा.

धुळीचं काय?

धूळ दोन्हींची शत्रू. फिल्टरच्या कडेने निसटलेली बारीक वाळू टर्बोच्या पात्यांच्या धारा खाते आणि सुपरचार्जरच्या रोटरवरचा लेप खरवडते. जास्त हवा जाते म्हणून धुता येणारे उघडे फिल्टर लावायची पद्धत आहे. राजस्थानच्या वाळूत किंवा उन्हाळ्यातल्या मराठवाड्याच्या फुफाट्यात मी कंपनीचा कागदी फिल्टरच पसंत करतो, आणि एक जादा बरोबर.

टर्बो गाडी बंद करण्याआधी इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं, हे अजून लागतं का?

हायवेवरून आरामात आलात तर नाही. वाळूतून किंवा खड्या चढणीवरून नुकतेच आलात तर हो, एक ते दोन मिनिटं. इंजिन बंद पडताच ऑइल थांबतं, पण तापलेल्या दांड्यावर उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं आणि ऑइलची वाट अरुंद करतं. विंच लावायला सगळे ओरडत असताना हे विसरतं. थंड सकाळी उलटं: सुरू केल्यावर लगेच रेस देऊ नका.

मायलेज कुणाचं बरं?

टर्बोचं. सुपरचार्जर पूर्ण बूस्टला असताना १.५ लिटरच्या इंजिनाकडून आठ-नऊ अश्वशक्ती स्वतःसाठी घेतो. हलक्या पायाने चालवलं तर हवा परत फिरवणारी बायपास झडप उघडते आणि फरक कमी होतो.

मोठ्या कंपन्या काय निवडतात?

दोन्ही निवडून पाहिलं, आता बहुतेक टर्बोकडे वळल्या. टोयोटाने लँड क्रूझर ३०० मध्ये मोठं व्ही-८ काढून जुळ्या टर्बोंचं व्ही-६ घातलं. रॅमचा टीआरएक्स पिकअप ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८ वर ७०२ अश्वशक्ती देत होता, त्याच्या जागी आलेला आरएचओ जुळ्या टर्बोंच्या ३ लिटर इंजिनावर ५४० देतो. लँड रोव्हर डिफेंडरचं ५ लिटरचं व्ही-८ सुपरचार्जरवर, तर तिच्याच ऑक्टा मॉडेलचं ४.४ लिटरचं टर्बोवर. फोर्डने मात्र रॅप्टर पिकअपला जुळे टर्बो ठेवून रॅप्टर-आरला ५.२ लिटरवर सुपरचार्जर दिला. या वळणामागे धुराचे आणि मायलेजचे नियम आहेत, डोंगरातला अनुभव वाईट होता असं नाही. आपल्या भागातलं उदाहरण घ्यायचं तर रांजणगावला जुळणी होणारी जीप रँग्लर २ लिटरच्या टर्बो पेट्रोलवर ४०० न्यूटन-मीटर देते.

ऑनलाइन मिळणारा १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक सुपरचार्जर घ्यावा का?

नाही. आधीच्या हिशेबातल्या आठ-नऊ अश्वशक्ती म्हणजे साडेसहा किलोवॉट. १२ व्होल्टवर त्याला साडेपाचशे अँपिअरच्या आसपास करंट लागेल. तुमच्या अल्टरनेटरची क्षमता शंभरच्या आगेमागे असते. ते खोकं म्हणजे हवेच्या वाटेत बसवलेला पंखा आहे, तो इंजिनाला उलट अडवतो.

खरे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असतात, पण ४८ व्होल्टवर आणि थोड्या क्षणांसाठी. डिफेंडरच्या पी४०० इंजिनात टर्बोच्या जोडीला तो आहे: टर्बो भरेपर्यंतची पोकळी वीज भरून काढते. दोन्ही तंत्रांचं चांगलं तेवढं घेणारी ही मांडणी मला मनापासून आवडते. बाहेरून बसवायची सोय मात्र त्यात नाही.

आरटीओ, विमा, वॉरंटी?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत मांडलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वॉरंटी तर बोल्ट उघडताच संपते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दावा नाकारायला पुरेसा ठरतो, आणि दरीत गेलेल्या गाडीचा दावा हा लहान आकडा नसतो. म्हणून मी बूस्टचा मोठा बदल फक्त स्पर्धेच्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीत करावा असं म्हणतो. रोजच्या गाडीला जास्त दम हवा असेल, तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घ्या.

जुनी टर्बो डिझेल ऑफ-रोडसाठी घेतोय. टर्बो कसा तपासू?

इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढा आणि चाक बोटाने हलवा. आडवी किंचित हालचाल चालते, कारण ऑइलचा दाब नसताना दांडा सैलच असतो. पाती कवचाला घासत असतील किंवा दांडा पुढे-मागे सरकत असेल, तर टर्बो संपलाय. पात्यांच्या धारा बघा, खाल्लेल्या किंवा वाकलेल्या असतील तर त्या गाडीने धूळ खाल्ली आहे आणि सिलिंडरनेही खाल्ली असेल. पाइपमध्ये ऑइलचा पातळ ओलावा असतोच, थारोळं नको.

मग गाडी सुरू करून पाच मिनिटं तशीच चालू ठेवा आणि एकदम रेस द्या. निळा धूर आला तर टर्बोच्या सीलमधून ऑइल जातंय. चढणीवर तिसऱ्या गिअरला १५०० वरून पाय पूर्ण दाबा. ताकद २००० च्या आत भरत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर आधी इंटरकूलरचे पाइप बघा. चिरलेला पाइप काही शेकड्यांत बदलता येतो आणि तेवढ्याच कारणासाठी टर्बो बदलायला लावणारे लोक भेटतात. शेवटी मालकाला ऑइल बदलाच्या पावत्या मागा. जिथे पावत्या नाहीत, तिथे किमतीतून एका टर्बोचा खर्च वजा करून बोलणी करा.